फाइल, भाषण आणि माणूस

ब्रसेल्सच्या जुन्या भागात, सँत-कातरिनच्या परिसरात, एक डुक्कर धावत सुटलं आहे. कुणी त्याला खिडकीतून पाहतं, कुणी रस्ता ओलांडताना दचकून मागे सरतं. ते आलं कुठून, कुणालाच ठाऊक नाही. रॉबर्ट मेनासे यांच्या 'डी हाउप्टश्टाट', म्हणजे 'राजधानी', या कादंबरीची ही सुरुवात. त्या एका धावेत पुढे भेटणारी कितीतरी माणसं आपल्याला ओझरती दिसून जातात: युरोपीय आयोगाच्या संस्कृती विभागातला एक ऑस्ट्रियन अधिकारी, व्हिएन्नाचा एक निवृत्त प्राध्यापक, एक मारेकरी, आणि आयुष्यभराचं घर सोडून वृद्धाश्रमात निघालेला एक म्हातारा. ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांच्यात समान आहे ते एवढंच, की ती एकाच शहरात आहेत आणि तेच डुक्कर त्यांच्या वाटेत आलं आहे. युरोपची एकता म्हणजे नेमकं काय, हा कादंबरीचा मोठा प्रश्न मेनासे यांनी पहिल्या काही पानांतच असा रस्त्यावर आणून सोडला आहे.

ही कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षीचा जर्मन पुस्तक पुरस्कार तिला मिळाला. मी ती जेमी बुलॉक यांच्या इंग्रजी अनुवादात वाचली. मेनासे हे व्हिएन्नाचे, १९५४ सालचा जन्म, आणि युरोपीय एकीकरणाचे उघड, आग्रही समर्थक. कादंबरीसाठी ते ब्रसेल्समध्ये जाऊन राहिले आणि आयोगाचं कामकाज त्यांनी जवळून पाहिलं. असा लेखक युरोपीय संघाची भलामण करणारी कादंबरी लिहील, अशी अपेक्षा कुणीही केली असती. त्यांनी लिहिलं ते वेगळंच. संघाने स्वतःची प्रतिमा उजळण्यासाठी सरकारी पैशाने काढलेला एक प्रकल्प त्यांनी कथेच्या मध्यभागी ठेवला आणि तो कसा उभा राहतो, कसा फिरतो, कसा मरतो, हे शांतपणे दाखवलं. एकीकरणाविषयी साशंक असणारे लोक गेली कित्येक वर्षं जी तक्रार करत आले, ती एका युरोपप्रेमी लेखकाच्या हातून इतक्या नेमकेपणाने उमटली, हे मला या कादंबरीचं सर्वांत मोठं मोल वाटतं.

ती तक्रार आधी नीट ऐकून घेतली पाहिजे. कररूपाने पैसा सगळ्यांकडून येतो. ज्याला एकीकरण हवं आहे त्याच्याकडून, आणि ज्याला नको आहे त्याच्याकडूनही. मग त्या पैशातून एकीकरण चांगलंच आहे असं सांगत फिरण्याचा अधिकार संघाला कुणी दिला? प्रश्न साधा आहे, आणि त्याला मोठा इतिहास आहे. १९८४ साली फाँतेनब्लोच्या शिखर बैठकीनंतर पिएत्रो अदोन्निनो यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. लोकांना युरोप आपला वाटावा म्हणून काय करावं, हे तिने सुचवायचं होतं. तिच्या १९८५च्या अहवालांतून झेंडा आणि गीत यांची वाट मोकळी झाली, आणि २९ मे १९८६ रोजी ब्रसेल्समध्ये आयोगाच्या बेर्लेमाँ इमारतीसमोर बारा ताऱ्यांचा निळा झेंडा पहिल्यांदा चढला. १९८९मध्ये एकीकरणाचे शिल्पकार ज्याँ मोने यांच्या नावाने विद्यापीठांतल्या अध्यासनांना अनुदान सुरू झालं. जून १९९२मध्ये डेन्मार्कच्या मतदारांनी मास्ट्रिख्त करार ५०.७ टक्के मतांनी नाकारला. तेव्हा बेल्जियमचे विली द क्लेर्क यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने १९९३मध्ये संपर्क धोरणावर अहवाल दिला. बाजारात चांगली वस्तू खपवावी तसा युरोप लोकांपर्यंत पोचवावा, हा त्या अहवालाचा सूर होता. ब्रसेल्समधल्या पत्रकारांनाच तो इतका खटकला की त्यांनी तिथल्या तिथे निषेध नोंदवला.

पुढे फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी २००५मध्ये युरोपीय राज्यघटनेचा करार सार्वमतात फेटाळला, आणि त्याच वर्षी आयोगाच्या सदस्य मार्गोट वॉलस्ट्रॉम यांनी लोकशाही, संवाद आणि चर्चा यांसाठीची आयोगाची योजना जाहीर केली. २००८मध्ये 'ओपन युरोप' या लंडनच्या संस्थेने संघ प्रचारावर वर्षाला दोन अब्ज युरोंहून अधिक खर्च करतो, असा हिशेब मांडला. कोणता खर्च प्रचारात धरायचा यावर वाद झाला, पण बोट जिथे ठेवायचं तिथे ठेवलं गेलं. २०१३मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स'साठी लिहिताना ख्रिस्तोफर स्नोडन यांनी आणखी खोलवरचा मुद्दा मांडला. आयोग ज्या स्वयंसेवी संस्थांना पैसे देतो, त्याच संस्था नागरिकांचा आवाज म्हणून आयोगासमोर येतात आणि आयोगाला हवं तेच मागतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता कादंबरीतल्या फाइलकडे यावं. संस्कृती विभाग हा आयोगातला दुय्यम विभाग. तिथे बदली झाली की अधिकाऱ्याला ती शिक्षाच वाटते. फेनिया क्सेनोपूलू ही सायप्रसची महत्त्वाकांक्षी अधिकारी तिथे अडकली आहे आणि तिला बाहेर पडायचं आहे. त्याच सुमारास आयोगाची ढासळलेली प्रतिमा सावरण्यासाठी एक मोठा वर्धापन सोहळा करावा, अशी कल्पना संपर्क विभागाकडून येते. फेनिया ती उचलते, कारण यशस्वी सोहळा म्हणजे वरच्या दालनाची पायरी. तिच्या हाताखालचा मार्टिन सुसमान ऑशविट्झच्या छळछावणीच्या मुक्तीदिनाच्या कार्यक्रमाला जाऊन आलेला असतो. तिथून तो एक विचार घेऊन येतो: ऑशविट्झ पुन्हा कधीही होऊ नये म्हणून ज्या संस्था उभ्या राहिल्या, आयोग ही त्यांतलीच एक आहे, म्हणून सोहळ्याच्या केंद्रस्थानी ऑशविट्झ हवं, आणि तिथून वाचलेले शेवटचे साक्षीदार मंचावर हवेत.

विचार खोटा नाही. मार्टिन त्या बर्फाळ जमिनीवर उभा राहून हादरला आहे, आणि ते हादरणं खरं आहे. मेनासे यांची ताकद इथून पुढे कळते. तो खरा धक्का टिपणात उतरतो, टिपण वरच्या टेबलावर जातं, तिथे त्यावर शेरा येतो, आणि प्रत्येक टेबल ओलांडताना त्यातलं काहीतरी गळत जातं. कुणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण हुशार आहे आणि आपापलं काम चोख करतो. अध्यक्षांच्या कार्यालयातला रोमोलो स्ट्रोत्झी हा खानदानी इटालियन तर सौजन्याचा पुतळाच. प्रकल्पाला तो विरोध करत नाही. अलगद सदस्य देशांच्या प्रतिनिधींसमोर सरकवतो, आणि देशोदेशीचे प्रतिनिधी आपापल्या कारणांनी हरकती घेतात. फाइल मरते, आणि मारेकरी कोण हे सांगता येत नाही. ज्यांनी कुठलंही सरकारी कार्यालय आतून पाहिलं आहे, त्यांना ही प्रकरणं वाचताना ओळखीची हुरहूर लागेल.

हाच विचार कादंबरीत दुसऱ्यांदा येतो, आणि हा दुसरा अवतार पहिल्याच्या शेजारी ठेवून वाचायला हवा. निवृत्त अर्थशास्त्रज्ञ आलोइस एर्हार्ट युरोपच्या भवितव्यावर विचार करणाऱ्या एका तज्ज्ञमंडळाच्या बैठकीला येतो. तो उभा राहतो आणि सांगतो की युरोपने आपली नवी राजधानी ऑशविट्झमध्ये बांधावी. सभागृह थिजतं. लोकांना तो वेडा वाटतो. त्याच्या बोलण्यामागे कुणाचं अनुदान नाही, कुणाची मंजुरी नाही, पुढल्या बढतीची आशा नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर एकट्या पडलेल्या एका माणसाने आपल्या हयातीचा निष्कर्ष बोलून टाकला आहे. सुसमानच्या टिपणातलं आणि एर्हार्टच्या भाषणातलं बीज एकच. टिपणात ते सुरक्षित होतं आणि म्हणून निर्जीव झालं. भाषणात ते असह्य होतं, पटण्यासारखंही नव्हतं, आणि तरीही जिवंत राहतं. वाचकाला एर्हार्टचं म्हणणं मान्य नसेल, पण तो ते विसरू शकत नाही. एखाद्या कल्पनेला किंमत मोजणारा माणूस मागे असला तर ती ऐकणाऱ्याला विचार करायला लावते. तीच कल्पना खर्चाच्या शीर्षाखाली आली की फक्त सही मागते.

आणि मग तिसरा, दाविद द व्रींट. वृद्धाश्रमात निघालेला तो म्हातारा हाच. वृद्धाश्रम दफनभूमीला लागून आहे. तरुणपणी त्याने ऑशविट्झला निघालेल्या गाडीतून उडी मारली होती. आईवडील गाडीतच राहिले. यामागे खरा इतिहास उभा आहे. १९ एप्रिल १९४३च्या रात्री बेल्जियममधल्या मेखेलेनहून सोळाशेहून अधिक ज्यूंना घेऊन सुटलेली आगगाडी तीन तरुणांनी वाटेत अडवली, आणि त्या प्रवासात दोनशेहून अधिक माणसांनी निसटण्याचा प्रयत्न केला. कादंबरीतला दाविद निसटूनही पुढे फितुरीमुळे पकडला गेला आणि अखेर ऑशविट्झला पोचलाच. आता त्याची स्मृती विरत चालली आहे. वाचलेल्या सोबत्यांची नावं एका कागदावर आहेत, आणि एकेक नाव खोडलं जात आहे. ज्याच्या साक्षीसाठी आयोगाचे अधिकारी कागदपत्रं धुंडाळत आहेत, तो त्याच शहरात, ट्रामने जाता येईल एवढ्या अंतरावर, आपल्या खोलीत बसलेला आहे. प्रकल्पाची आणि त्याची गाठ पडत नाही.

मला या कादंबरीतली सर्वांत दुखरी जागा हीच वाटते. मेनासे यांनी ती कुठेही अधोरेखित केलेली नाही. एका प्रकरणात अधिकारी वाचलेल्यांची आकडेवारी शोधतात, दुसऱ्यात दाविद आंघोळीनंतर काय करायचं होतं ते आठवत उभा राहतो. लेखक दोन्ही प्रसंग जवळ ठेवतो आणि गप्प बसतो. स्मृती सरकारी खर्चाने मागवता येत नाही, हे वाक्य कुठेही न लिहिता त्याने वाचकाच्या मनात पोचवलं आहे.

याच पद्धतीने डुकराची गोष्टही पुढे जाते. एक वृत्तपत्र डुकरासाठी नाव सुचवण्याची स्पर्धा काढतं. लोक उत्साहाने मतं पाठवतात, आणि हळूहळू त्या मतांना असं वळण लागतं की संपादकांची पंचाईत होते आणि स्पर्धा गुंडाळावी लागते. पहिल्या वाचनात हा प्रसंग हलकाफुलका वाटतो. दुसऱ्या वाचनात मला त्यात डेन्मार्क दिसलं, ज्याने १९९२मध्ये नाही म्हटल्यावर पुढच्याच वर्षी, काही सवलती देऊन, पुन्हा मत मागितलं गेलं. आयर्लंडही दिसलं, ज्याने २००१मध्ये नीसचा करार नाकारला आणि २००२मध्ये पुन्हा मतदान केलं. लोकांना विचारायचं, आणि नको ते उत्तर आलं की पुन्हा समजावायला बसायचं. साशंक माणसांच्या मनातला सगळ्यांत खोल सल हाच आहे. उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर माहिती पत्रकावर कितीही सुंदर चित्र असो, ते वाचणाऱ्याला आपली गणना नागरिकांत होत नाही, गिऱ्हाइकांत होते, एवढंच कळतं.

अशा चित्रांतली, भारतीय वाचकाच्या लक्षात राहावी अशी एक जाहिरात आहे. मार्च २०१२मध्ये आयोगाच्या विस्तार विभागाने एक चित्रफीत आणली. पिवळ्या पोशाखातली एक गोरी स्त्री एका रिकाम्या गोदामात उभी आहे. तिच्यावर एकामागोमाग चिनी कुंगफूवाला, तलवारधारी कलरीपयट्टू योद्धा आणि ब्राझीलचा कापोएरा खेळणारा चालून येतात. ती शांतपणे स्वतःच्या बारा प्रतिमा करते, त्यांना वेढा घालते, आणि त्या वर्तुळाचे झेंड्यावरचे तारे होतात. वंशद्वेषाचा आरोप झाला, आयोगाने ती मागे घेतली आणि दिलगिरी व्यक्त केली. केरळच्या कलरीत आयुष्य घालवणाऱ्या गुरूने ती पाहिली असती तर त्याला काय वाटलं असतं, याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं. एकीकरणाचा गाभा शेजाऱ्याची भीती घालवण्यात आहे. त्याच एकीकरणाची जाहिरात परक्याच्या भीतीवर उभी राहिली. हा बनवणाऱ्यांच्या मनातला दुष्टावा नसावा. प्रचाराला चटकन ओळखू येणारी खूण लागते, आणि चटकन ओळखू येणारी खूण बहुधा कुणावर तरी अन्याय करते.

इतकं असूनही मेनासे संघाच्या बाजूने एक ठोस युक्तिवाद देतात, आणि तो डुकराच्याच कानांतून येतो. मार्टिनचा भाऊ फ्लोरियान हा मोठा डुक्करपालक. चीनला डुकरांचे कान हवे आहेत. युरोपात ते टाकाऊ. सगळ्या देशांनी मिळून करार केला तर शेतकऱ्यांना चांगला भाव मिळेल; पण प्रत्येक देशाला चीनशी आपला स्वतंत्र करार हवा आहे, म्हणून सगळ्यांचंच नुकसान होतं. या कथासूत्रात सोहळा नाही, झेंडा नाही. तरीही एकत्र येण्याची गरज त्यात जितकी स्पष्ट दिसते, तितकी कुठल्याही जाहिरातीत दिसलेली नाही. कारण इथे कुणी वाचकाला पटवत नाही. माणसं आपापल्या हितासाठी धडपडतात आणि आपल्याला परिणाम दिसतो.

जर्मन साहित्याच्या वाचकाला या कादंबरीमागे आणखी एक सावली दिसते. रॉबर्ट मूसिल यांच्या 'गुणधर्म नसलेला माणूस' या महाकादंबरीत, जिचा पहिला खंड १९३०मध्ये आला, व्हिएन्नातली बडी मंडळी सम्राट फ्रान्झ योसेफ यांच्या राज्यारोहणाच्या सत्तराव्या वर्षासाठी भव्य उत्सवाची तयारी करत असतात. तो उत्सव १९१८मध्ये व्हायचा असतो. त्याच वर्षी साम्राज्य कोसळलं, हे मूसिल यांच्या वाचकाला ठाऊक असतं. मेनासे यांचा वर्धापन सोहळा या उत्सवाचा वंशज आहे. पण त्यांनी मूसिलची नक्कल केलेली नाही. मूसिलची मंडळी आशय शोधत राहतात आणि त्यांना तो सापडत नाही. मेनासे यांच्या मंडळींना आशय सापडतो, तोही फार मोठा, आणि तो त्यांच्या हातांना पेलत नाही. शतकभरात बदललं ते हे.

कादंबरी संपली तरी तिची गोष्ट संपत नाही. ब्रिटनमध्ये जून २०१६च्या सार्वमताआधी सरकारने ९३ लाख पौंड खर्चून संघात राहण्याच्या बाजूचं पत्रक घराघरांत पाठवलं होतं. बाहेर पडू इच्छिणाऱ्यांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला, आणि ५१.९ टक्के मतांनी देशाने बाहेर पडण्याचा कौल दिला. मे २०१७मध्ये, मेनासे यांची कादंबरी येण्याच्या काही महिने आधी, ब्रसेल्सच्या लिओपोल्ड पार्कमध्ये युरोपीय संसदेने उभारलेलं 'युरोपीय इतिहासाचं घर' उघडलं आणि त्याच्या खर्चावर तेच जुने प्रश्न आले.

मग घडलं ते मेनासे यांच्या बाबतीतच. आयोगाचे पहिले अध्यक्ष वाल्टर हालश्टाइन यांच्या नावावर राष्ट्रं संपवण्याविषयीची काही वाक्यं त्यांनी निबंधांत आणि भाषणांत अवतरण म्हणून दिली होती. हालश्टाइन यांनी १९५८मध्ये पदग्रहणाचं भाषण ऑशविट्झमध्ये केलं, असंही सांगितलं होतं. इतिहासकार हाइनरिख आउगुस्ट विंकलर यांनी शंका घेतली, आणि २०१८च्या अखेरीस हे उघड झालं की ती वाक्यं हालश्टाइन यांची नव्हती आणि ते भाषण तिथे झालंच नव्हतं. मेनासे यांनी चूक मान्य केली. त्यांना जाहीर झालेलं कार्ल त्सुकमायर पदक तरीही जानेवारी २०१९मध्ये दिलं गेलं.

हे प्रकरण मला क्षुल्लक वाटत नाही, आणि कादंबरीवर प्रेम असल्यामुळे तर मुळीच वाटत नाही. ज्या लेखकाने फाइलीतली स्मृती कशी मरते हे इतक्या हळुवारपणे दाखवलं, त्याने व्यासपीठावर उभं राहून तेच केलं जे फेनियाच्या विभागाने केलं असतं. सद्हेतूसाठी साक्ष हवी होती. खरी साक्ष पुरेशी ठळक नव्हती, म्हणून तयार केली. ऑशविट्झची साक्ष बनावट देणं हा दाविदसारख्यांवरचा अन्याय आहे. आणि एकीकरणाच्या टीकाकारांचं म्हणणं यापेक्षा स्पष्टपणे सिद्ध झालं नसतं: पटवण्याची घाई झाली की सत्याला धक्का लागतो, पटवणारा कितीही थोर असो. कादंबरीकार मेनासे यांना हे कळत होतं. प्रचारक मेनासे ते विसरले. म्हणून मी कादंबरीकारावर अधिक विश्वास ठेवतो.

मग सार्वजनिक पैशाने काहीच सांगू नये का? आयर्लंडने याला विचारपूर्वक उत्तर दिलं आहे. ग्रीन पक्षाच्या पॅट्रिशिया मॅकेना यांच्या याचिकेवर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५मध्ये निकाल दिला की सार्वमतात एका बाजूच्या प्रचारासाठी सरकारने जनतेचा पैसा वापरणं घटनेला धरून नाही. ते सार्वमत घटस्फोटाविषयी होतं, पण पुढच्या युरोपीय करारांवरच्या मतदानांनाही ते तत्त्व लागू पडलं. १९९८च्या कायद्याने तिथे स्वतंत्र सार्वमत आयोग आला. करार काय म्हणतो हे सरकारी पैशाने सांगावं. त्यावर प्रेम करा, हे सांगू नये. संघाने काहीच सांगितलं नाही तर श्रेय राष्ट्रीय पुढारी घेतील आणि दोष ब्रसेल्सच्या माथी मारतील, हेही खरं. म्हणून सांगणं थांबवून चालणार नाही. पण सांगणं आणि पटवणं यांतली रेघ पुसली गेली तर सांगणाऱ्याचा शब्दच पडतो.

कादंबरीच्या शेवटी ब्रसेल्सच्या मेट्रोत स्फोट होतो. २२ मार्च २०१६च्या सकाळी माल्बेक स्थानकात खरोखरच झालेल्या हल्ल्याची ही छाया आहे. कोण डब्यात होतं, कोण नव्हतं, याने माणसांची नशिबं ठरतात. त्या डब्यात वेगवेगळ्या भाषांची, एकमेकांना न ओळखणारी माणसं शेजारी शेजारी उभी होती. त्यांना कुणी एकतेची जाहिरात दाखवून आणलं नव्हतं. कामाला, घरी, भेटीला निघाली होती. दाविदच्या खोलीतला तो कागद आता कुणी पूर्ण करणार नाही. आयोगाच्या तळघरात कुठेतरी वर्धापन सोहळ्याची फाइल नीट क्रमांक घालून ठेवलेली असेल. पुस्तक मिटताना मला ती फाइल आठवत नाही. आठवतो तो खोलीत उभा राहिलेला म्हातारा, आपण इथे कशासाठी आलो होतो ते आठवण्याचा प्रयत्न करणारा. युरोपलाही आज तोच प्रयत्न करायचा आहे, आणि तो त्याच्यासाठी दुसरं कुणी करून देऊ शकत नाही.